वाटाघाटीचा कौल : नांदेड आणि लातूरच्या राजकारणाचा एक धागा

नांदेड आणि लातूर हे मराठवाड्याच्या पूर्व आणि दक्षिण कडेचे जिल्हे. एका अंगाला तेलंगणा, दुसऱ्या अंगाला कर्नाटक. उदगीर, देगलूर, बिलोली, धर्माबाद या गावांच्या बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चारही भाषा चालतात. अशा सरहद्दीच्या मुलखाला लढाई नवी नसते आणि तहही नवा नसतो. १७६० च्या आरंभी उदगीर-औसा परिसरात सदाशिवरावभाऊंच्या फौजेने निजामाला कोंडीत पकडले आणि त्यानंतर झालेल्या तहात साठ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख मराठ्यांकडे आला. त्या काळी लढायचे की बोलणी करायची, हे दरबारात ठरे. ज्यांची पिके घोड्यांच्या टापांखाली जात, त्या रयतेला कोणी विचारत नसे.

हा प्रश्न सामान्य माणसापर्यंत आला तो विसाव्या शतकात. संघटनांच्या निवडणुका आल्या, मग प्रौढ मतदान आले. संघर्ष वाटाघाटीने सोडवू म्हणणाऱ्या माणसामागे उभे राहायचे की नाही, हे लोकांच्या हाती आले. नांदेड-लातूर भागात हा प्रश्न आधी निजामाशी चाललेल्या झगड्यात उभा राहिला, पुढे राज्याच्या सीमा आखताना आणि गोदावरीचे पाणी वाटताना आला. या भागातील दोन माणसे देशाच्या गृहमंत्रिपदावर बसली, तेव्हा तो दिल्लीतही पोहोचला. या सगळ्या प्रसंगांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. वाटाघाट टिकते ती दोन अटींवर. बोलणी करणाऱ्यामागे लोकांचा कौल असावा लागतो आणि झालेला करार पाळला जावा लागतो. यांपैकी एक अट मोडली की किंमत गावांनी मोजली आहे.

हैदराबाद स्टेट काँग्रेसमधील दोन प्रवाह

१९४८ पर्यंत हा सगळा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नांदेड हा स्वतंत्र जिल्हा होता. लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे, तर उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यात होते. संस्थानात जबाबदार राज्यपद्धती नव्हती आणि सभा-संघटनांवर कडक निर्बंध होते. या कोंडीतून वाट काढण्यासाठी महाराष्ट्र परिषद सुरू झाली. तिचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला, दुसरे १९३८ मध्ये लातूरला आणि तिसरे १९४१ मध्ये नांदेड जिल्ह्यातील उमरीला भरले. परिषदेच्या नावात राजकारण नव्हते, तरी कार्यकर्त्यांची एक पिढी तिथेच घडली.

१९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसची जुळवाजुळव होताच सरकारने तिच्यावर बंदी घातली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि डिसेंबरमध्ये गांधीजींच्या सल्ल्याने तो थांबवण्यात आला. पुढची काही वर्षे बंदी उठवण्यासाठी सरकारशी बोलणी आणि पत्रव्यवहार चालला. संघटनेचे नाव बदला, बाहेरच्या काँग्रेसशी संबंध तोडा, अशा मागण्या सरकारकडून येत राहिल्या. या काळात कार्यकर्त्यांमध्ये दोन प्रवाह स्पष्ट झाले. सरकार देऊ करील त्या सुधारणा पदरात पाडून पुढे सरकावे, असे एका प्रवाहाचे मत होते. जनआंदोलनाचा दाब असल्याशिवाय बोलण्यांतून काही निघणार नाही, असे दुसऱ्याचे होते. पहिल्या प्रवाहाचे प्रमुख नेते होते बुर्गुल रामकृष्णराव. दुसऱ्याचे नेतृत्व स्वामी रामानंद तीर्थ यांच्याकडे होते. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून आणि अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयातून त्यांनी मराठवाड्यात कार्यकर्ते उभे केले होते.

जुलै १९४६ मध्ये बंदी उठली आणि स्टेट काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी याच दोघांमध्ये निवडणूक झाली. स्वामीजी अगदी थोड्या मतांनी निवडून आले. मराठवाड्यातील कार्यकर्ते बहुतांशी त्यांच्या बाजूने होते. वरवर पाहता हा वाटाघाटीच्या उमेदवाराचा पराभव होता. पण स्वामीजींचा मार्ग युद्धाचा नव्हता. सत्याग्रह, बहिष्कार आणि तुरुंगवास ही त्यांची साधने होती आणि त्यांतून सरकारला समान पातळीवर बोलायला लावणे हा हेतू होता. रामकृष्णरावांच्या बाजूचे लोकही लाचार नव्हते. संस्थानात दोन समाजांत वैर पेटू नये ही त्यांची काळजी खरी होती. मतभेद होता तो बोलण्यांना वजन कुठून येते, यावर. बहुसंख्य प्रतिनिधींनी उत्तर दिले की ते लोकांच्या संघटित ताकदीतून येते. हे उत्तर किती बरोबर होते, हे पुढच्याच वर्षी दिसले.

१९४७ : कौल नसलेली बोलणी

भारत स्वतंत्र होणार हे ठरल्यावर निजामाने जून १९४७ मध्ये कोणत्याही देशात सामील न होण्याचा इरादा जाहीर केला. ७ ऑगस्टला स्टेट काँग्रेसने संस्थानभर भारतात सामील होण्याच्या मागणीचा दिवस पाळला. १५ ऑगस्टला स्वामीजींना अटक झाली. दरम्यान दिल्लीशी बोलणी करण्यासाठी निजामाने एक शिष्टमंडळ नेमले होते. पंतप्रधान नवाब छत्तारी, घटनातज्ज्ञ वॉल्टर मॉन्क्टन आणि अली यावर जंग ही त्यातील महत्त्वाची माणसे. हे सगळे तडजोडीच्या बाजूचे होते. ऑक्टोबरपर्यंत त्यांनी ‘जैसे थे’ कराराचा, म्हणजे चालू संबंध तूर्त तसेच ठेवण्याचा, मसुदा तयार करून आणला. निजामाच्या कार्यकारी मंडळाने त्याला बहुमताने मान्यता दिली आणि निजामानेही होकार दिला. राहिली होती फक्त सही.

ती सही झाली नाही. २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे, शिष्टमंडळ दिल्लीला निघण्याच्या बेतात असताना, हजारोंच्या जमावाने सदस्यांच्या घरांना वेढा घातला. हा जमाव इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचा होता आणि तिचा अध्यक्ष होता कासीम रझवी. रझवी लातूरचा वकील. बहादूर यार जंग यांच्या मृत्यूनंतर संघटनेची सूत्रे त्याच्या हाती आली आणि तिची सशस्त्र शाखा म्हणजे रझाकार ही संस्थानातील मोठी शक्ती बनली. काश्मीरमध्ये गुंतलेला भारत हैदराबादचे काही करू शकणार नाही, तेव्हा करार फेटाळावा, असे त्याने निजामाच्या गळी उतरवले. छत्तारी आणि मॉन्क्टन बाजूला झाले. मीर लायक अली पंतप्रधान झाले आणि बोलण्यांसाठी रझवीच्या मर्जीतले नवे शिष्टमंडळ गेले.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी अखेर ‘जैसे थे’ करार झाला. त्याचा मजकूर जवळजवळ ऑक्टोबरच्या मसुद्याचाच होता. दिल्लीने त्यात बदल करायला नकार दिला होता. कागद तोच राहिला, पण तो पाळायचा होता त्या जागी आता वेगळी माणसे होती. ज्यांनी तो घडवला ते सत्तेबाहेर होते आणि ज्यांनी तो उधळला ते सत्तेत. करारानंतर काही आठवड्यांतच हैदराबाद सरकारने भारतीय चलनावर बंदी घातली आणि पाकिस्तानला वीस कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले. रझाकारांची संख्या आणि गावांवरील जुलूम वाढत गेला. नोव्हेंबरअखेर सुटलेल्या स्वामीजींना जानेवारीत पुन्हा तुरुंगात टाकले गेले.

नांदेड-लातूर भागात तोवर सामोपचाराची जागा फार आक्रसली होती. ऑक्टोबर १९४६ मध्येच बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे या काँग्रेस कार्यकर्त्याची हत्या झाली होती. तरुण कार्यकर्ते सरहद्दीबाहेर मध्य प्रांतात आणि मुंबई इलाख्यात गेले. तिथे कॅम्प उभे राहिले आणि तिथून नाक्यांवर, ठाण्यांवर हल्ले होऊ लागले. जानेवारी १९४८ मध्ये लढ्याला पैसा मिळावा म्हणून उमरीची बँक लुटण्यात आली. सत्याग्रहावर श्रद्धा असलेल्या माणसांच्या हाती बंदुका आल्या, कारण बोलण्यांची दारे एकेक करून बंद केली गेली होती.

शेवटचे दार जून १९४८ मध्ये बंद झाले. माउंटबॅटन यांनी भारत सोडण्यापूर्वी एक तडजोड पुढे ठेवली. तिच्यात विलीनीकरणाबाबत जनमत घेण्याची आणि जबाबदार राज्यपद्धतीकडे जाण्याची तरतूद होती. लोकांना विचारून हा वाद संपवण्याची ती खरी संधी होती. निजामाने ती नाकारली. ऑगस्टमध्ये हैदराबाद सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे धाव घेतली. त्याच महिन्यात विलीनीकरणाची बाजू मांडणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा हैदराबादेत खून झाला. परदेशात कायद्याची भाषा आणि घरात सामोपचाराची बाजू मांडणाऱ्याचा जीव घेणे, या दोन गोष्टी एकाच वेळी चालू होत्या.

पोलीस कारवाईनंतर

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. हीच ‘पोलीस कारवाई’. मुख्य तुकडी सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेने आली. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी जनरल एल इद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे रीतसर शरणागती पत्करली. पाच दिवसांत कारवाई संपली. रझाकारांच्या दहशतीतून लोक सुटले. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून आजही अभिमानाने साजरा होतो, आणि तो अभिमान रास्त आहे.

त्या दिवसांची दुसरी बाजूही या भागाच्या इतिहासातच आहे. कारवाईच्या वेळी आणि त्यानंतर अनेक गावांत मुस्लिम वस्तीवर सूड उगवला गेला. पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या नेतृत्वाखाली एक सदिच्छा मंडळ पाठवले. ते नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात फिरले. त्यांच्या अहवालानुसार सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना बसली. संस्थानात एकूण मृतांचा आकडा २७ ते ४० हजारांच्या दरम्यान असावा, असा त्यांचा अंदाज होता. लातूर शहराबद्दल अहवाल म्हणतो की तिथे हत्या वीसहून अधिक दिवस चालल्या. सुमारे दहा हजार मुस्लिम लोकसंख्येपैकी जेमतेम तीन हजार माणसे मंडळाला दिसली. बाकीची मारली गेली होती किंवा परागंदा झाली होती. हा अहवाल अनेक दशके लोकांपुढे आला नाही.

रझवीच्या राजकारणाशी काडीचा संबंध नसलेल्या विणकऱ्यांनी, व्यापाऱ्यांनी, शेतमजुरांनी रझवीच्या हट्टाची किंमत भरली. त्याआधी रझाकारांच्या जुलमाची किंमत हिंदू शेतकऱ्यांनी भरली होती. त्याच अहवालात हेही नोंदले आहे की हिंदू विणकऱ्यांनी काही ठिकाणी मुस्लिम विणकऱ्यांना वाचवले आणि काहींनी त्यात जीव गमावला. पाच दिवसांच्या लष्करी कारवाईला छोटी म्हणण्याची पद्धत आहे. तिच्या आगेमागे गावांत जे घडले ते मोजले, तर ऑक्टोबर १९४७ मध्ये राहून गेलेली एक सही किती मोलाची होती हे कळते.

मतपेटी आणि सीमा

संस्थानात पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५२ मध्ये झाली. तोवर तेलंगणातील कम्युनिस्टांनी सशस्त्र लढा मागे घेतला होता आणि तेही लोकशाही आघाडीच्या नावाने मतदानात उतरले. विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले ते वि. दा. देशपांडे हे मराठी कम्युनिस्ट. मार्च १९५२ मध्ये मुख्यमंत्री झाले बुर्गुल रामकृष्णराव. १९४६ मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक हरलेले तेच मवाळ नेते. स्वामी रामानंद तीर्थ गुलबर्ग्याहून लोकसभेवर गेले. ज्यांचे मार्ग सहा वर्षांपूर्वी वेगळे होते ते दोघे, आणि कालपर्यंत बंदूक घेतलेले विरोधक, असे सगळे आता मतांच्या आधारे बोलू लागले होते.

या नव्या व्यवस्थेची पहिली परीक्षा भाषावार प्रांतरचनेत झाली. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा येथील नेत्यांनी एका मराठी राज्यासाठी त्यावर सह्या केल्या. मराठवाड्याकडून देवीसिंग चौहान, भगवंतराव गाढे यांच्या सह्या आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विसर्जित झाले. नांदेड आणि लातूर या भागांच्या सीमा तेव्हा तालुक्यांच्याही खाली जाऊन, महसुली मंडळांच्या पातळीवर आखल्या गेल्या. बिदरमधून उदगीर, अहमदपूर आणि निलंगा मराठवाड्याकडे आले. आदिलाबादमधून किनवट तालुका आणि इस्लापूर मंडळ आले. नांदेड जिल्ह्यातून बिचकुंदा, जुक्कल, मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मंडळे तेलुगू भाषिक राज्याकडे गेली. दोन्हीकडे काही गावे नाराज राहिली. तरी आठ वर्षांपूर्वी ज्या मुलखात सत्तेच्या प्रश्नावर रक्त सांडले होते, तिथे राज्यांची सीमा राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल, विधिमंडळातील चर्चा आणि संसदेचा कायदा यांनी बदलली. तिथे गोळी चालली नाही.

नागपूर कराराच्या बाबतीत मात्र दुसरी अट अपुरी राहिली. लोकसंख्येच्या प्रमाणात विकासखर्च, नोकऱ्यांत वाटा ही आश्वासने नीट पाळली गेली नाहीत, अशी मराठवाड्याची तक्रार होती. १९७४ मध्ये ती विकास आंदोलनाच्या रूपाने उफाळली. करार पाळला गेला नाही की पुढच्या पिढीचा बोलण्यांवरचा विश्वास उडतो, हे त्या आंदोलनाने दाखवले.

गोदावरीचा करार

शेतकऱ्याच्या दृष्टीने शेजारी राज्याशी खरा झगडा पाण्याचा असतो. गोदावरी नांदेड शहराजवळून वाहत धर्माबादपुढे तेलंगणात शिरते आणि लगेच पोचमपाडच्या श्रीरामसागर धरणाच्या फुगवट्याला मिळते. लातूरची मांजराही पुढे कर्नाटक आणि तेलंगणातून गोदावरीलाच येते. वरच्या राज्याने पाणी अडवले तर खालचे कोरडे, आणि खालच्याने हक्क सांगितला तर वरचे तहानलेले. एप्रिल १९६९ मध्ये केंद्राने न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली गोदावरी जलविवाद लवाद नेमला.

लवादापुढे वाद चालू असतानाच खोऱ्यातील राज्यांनी आपापसांत करार करायचे ठरवले. त्यांतील महत्त्वाचा करार ६ ऑक्टोबर १९७५ चा. त्यावर आंध्रचे मुख्यमंत्री जलगम वेंगळराव आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण यांच्या सह्या आहेत. शंकरराव मूळचे पैठणचे, वकिली हैदराबादेत शिकलेले, मुक्तिलढ्यात भाग घेतलेले आणि नांदेडच्या नगरपालिकेतून वर आलेले. पाटबंधारे खाते त्यांनी बराच काळ सांभाळले होते आणि जायकवाडी धरण उभारण्यात त्यांचा मोठा वाटा होता. करारानुसार पैठणपर्यंतचे आणि पूर्णेवर सिद्धेश्वरपर्यंतचे सगळे पाणी महाराष्ट्राला मिळाले. त्याखाली पोचमपाडपर्यंतच्या पट्ट्यात नव्या प्रकल्पांसाठी महाराष्ट्राला ६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वापरता येईल, असे ठरले. नांदेडजवळचा विष्णुपुरी प्रकल्प, ज्याच्या जलाशयाला आज शंकरसागर म्हणतात, याच पट्ट्यात येतो. लेंडी आणि निम्न पैनगंगा हे प्रकल्प दोन्ही राज्यांनी मिळून करायचे, असेही कलम होते. १९८० मध्ये लवादाने अंतिम निवाडा दिला आणि राज्यांचे हे आपसातले करार त्यातच सामावून घेतले.

या कराराची कसोटी तीस वर्षांनी बाभळीला लागली. धर्माबाद तालुक्यात बाभळी येथे महाराष्ट्राने २.७४ टीएमसी क्षमतेचा बंधारा बांधायला घेतला. तो श्रीरामसागरच्या फुगवट्यात असल्याने आपले पाणी जाईल, असे म्हणत आंध्र प्रदेशने २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. जुलै २०१० मध्ये चंद्राबाबू नायडू आपल्या आमदार-खासदारांसह बंधाऱ्याकडे निघाले. महाराष्ट्र पोलिसांनी त्यांना धर्माबादला अडवून अटक केली. सरहद्दीवर तणाव होता आणि दोन्ही बाजूंना भडक बोलणाऱ्यांना टाळ्या मिळत होत्या. त्या वेळी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते शंकररावांचे पुत्र अशोक चव्हाण.

२८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. १९७५ च्या करारातील ६० टीएमसीच्या मर्यादेत बाभळी बसते, म्हणून बंधारा वैध ठरला. त्याला अटी घातल्या गेल्या. १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात दरवाजे उघडे ठेवायचे आणि दरवर्षी १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे. देखरेखीसाठी केंद्रीय जल आयोगाच्या प्रतिनिधीसह तीन सदस्यांची समिती नेमली गेली. तेव्हापासून १ जुलैला दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत दरवाजे उघडले जातात. या अटींमुळे बंधाऱ्याचा उपयोग कमी झाला, अशी धर्माबाद-उमरी भागातील शेतकऱ्यांची तक्रार आहे आणि ती अप्रस्तुत नाही. लेंडी प्रकल्प तर दशकानुदशके रखडला. तरी दोन राज्यांतला हा झगडा कागदावर, मोजमापावर आणि तारखांवर चालतो, याचे मूळ १९७५ च्या त्या सहीत आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरकरांना पाण्याच्या वाटपाचा शब्द पाळला जाणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

दिल्लीतले दोन गृहमंत्री

१९७७ च्या निवडणुकीत आणीबाणीचा राग म्हणून नांदेडने केशवराव धोंडगे आणि लातूरने उद्धवराव पाटील या शेतकरी कामगार पक्षाच्या नेत्यांना लोकसभेत पाठवले. १९८० मध्ये दोन्ही मतदारसंघ काँग्रेसकडे परतले. नांदेडहून शंकरराव चव्हाण आणि लातूरहून चाकूरचे शिवराज पाटील निवडून आले. शिवराज पाटील सलग सात वेळा जिंकले. सुरुवातीला ते संरक्षण राज्यमंत्री होते. शंकरराव १९८४ मध्ये काही महिने संरक्षणमंत्री होते. पुढे दोघेही गृहमंत्री झाले.

शंकररावांची गृहमंत्रिपदाची पहिली कारकीर्द डिसेंबर १९८४ ते मार्च १९८६. पंजाब आणि आसाम तेव्हा पेटलेले होते. नांदेडच्या खासदारासाठी पंजाब हा दूरचा विषय नव्हता. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग बादशहा बहादूरशहाच्या छावणीबरोबर दक्षिणेत आले आणि नांदेडलाच त्यांचे देहावसान झाले. सचखंड हुजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक असल्याने पंजाबातील प्रत्येक घटनेचा पडसाद नांदेडात उमटत असे. २४ जुलै १९८५ रोजी राजीव गांधी आणि संत हरचंदसिंग लोंगोवाल यांचा करार झाला. १५ ऑगस्टला आसाम करार झाला. हे करार पंतप्रधानांच्या राजकीय पुढाकाराने झाले. आसाम करारावर केंद्राकडून सही आहे ती गृहसचिव राम प्रधान यांची. गृहखात्याची धुरा मात्र शंकररावांकडे होती.

या करारांना मतदारांनी काय उत्तर दिले, हे पाहण्यासारखे आहे. २० ऑगस्टला लोंगोवाल यांची हत्या झाली. तरीही सप्टेंबरमध्ये पंजाबच्या मतदारांनी बोलण्यांच्या बाजूच्या अकाली दलाला बहुमत दिले. डिसेंबरमध्ये आसामात करारावर सह्या करणाऱ्या तरुणांचा आसाम गण परिषद हा पक्ष निवडून आला. दोन्ही राज्यांत लोकांनी वाटाघाटीच्या उमेदवाराला कौल दिला. पंजाबात तो कौल वाया गेला, कारण २६ जानेवारी १९८६ पर्यंत चंडीगड पंजाबला देण्याचे कलम पाळले गेले नाही. त्यानंतर त्या राज्याने आणखी काही वर्षे रक्तपात सोसला.

१९९१ ते १९९६ या काळात शंकरराव पुन्हा गृहमंत्री होते, या वेळी राज्यसभेतून. ऑक्टोबर १९९३ मध्ये श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यात अतिरेकी शिरले. सुमारे महिनाभराच्या वेढ्यानंतर, दर्ग्यात फौज न घुसवता, बोलण्यांतून त्यांनी शरणागती पत्करली आणि पवित्र वास्तू वाचली. वेढ्याच्या काळात बिजबेहाऱ्यात निदर्शकांवर झालेल्या गोळीबारात अनेक माणसे मेली, हेही त्याच महिन्यातले सत्य. त्याआधी डिसेंबर १९९२ मध्ये अयोध्येत, बाबरी मशिदीच्या रक्षणाबाबत उत्तर प्रदेश सरकारच्या लेखी हमीवर केंद्राने ठेवलेला विश्वास फोल ठरला होता. हमी देणाऱ्याचा ती पाळण्याचा इरादा नसेल, तर सामोपचार म्हणजे वेळ गमावणे ठरते. १९४७ च्या हैदराबादनेही हेच शिकवले होते.

शिवराज पाटील या काळात लोकसभेचे अध्यक्ष होते. १९९३ मध्ये खात्यानुसार १७ स्थायी समित्या सुरू झाल्या, त्या त्यांच्या कारकिर्दीत. गृह, संरक्षण आणि परराष्ट्र धोरण यांवर सर्व पक्षांच्या खासदारांनी बंद खोलीत, घोषणांविना चर्चा करण्याची ती कायमची जागा झाली. २००४ मध्ये लातूरच्या मतदारांनी त्यांना पराभूत करून रूपाताई पाटील निलंगेकर यांना निवडले. त्यानंतर ते राज्यसभेतून गृहमंत्री झाले. त्यांच्या काळात दहशतवादविरोधी पोटा कायदा रद्द झाला आणि काश्मीरबाबत गोलमेज बैठका झाल्या. देशभर बॉम्बस्फोटही झाले. नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील हल्ल्यानंतर त्यांनी जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. बोलण्यांची तयारी आणि नागरिकांच्या जिवाचे रक्षण ही दोन्ही कर्तव्ये एकाच खुर्चीची आहेत. दुसऱ्यात कमी पडल्यावर पहिल्याची पुण्याई चालत नाही, हे तेव्हा दिसले.

मतदार आणि शांततेचे राजकारण

नांदेड-लातूरच्या मतदाराने कधी युद्ध की शांतता या एका प्रश्नावर मत दिल्याचे दिसत नाही. त्याने धरणे, रेल्वे, भाव, जात, पक्ष आणि माणूस पाहून मत दिले. परदेशांत अशा प्रश्नावर प्रचार झाला आहे. अमेरिकेत १९१६ मध्ये वुड्रो विल्सन यांना देशाला युद्धापासून दूर ठेवणारा अध्यक्ष म्हणून पाठिंबा मिळाला आणि पाच महिन्यांनी, एप्रिल १९१७ मध्ये, त्यांनीच युद्ध पुकारले. प्रचारातील शांततेच्या वचनापेक्षा उमेदवाराची आजवरची वागणूक जास्त भरवशाची असते, हे त्यातून दिसते. शेजारी राज्याशी पाण्याबद्दल तो कसा बोलतो, दंगलीच्या दिवशी कोणाच्या दारात उभा राहतो, आपल्याच बाजूच्या भडक माणसाला थोपवतो का आणि पूर्वी दिलेला शब्द पाळतो का, या गोष्टी गावातल्या कोणालाही पाहता येतात.

या भागाच्या इतिहासात वाटाघाटीचा पक्ष हरला तेव्हा तो दोनच कारणांनी हरला. १९४७ मध्ये छत्तारींच्या शिष्टमंडळाकडे चांगला मसुदा होता, पण त्यामागे लोकांची संघटित शक्ती नव्हती; लोकांचे प्रतिनिधी तुरुंगात होते आणि रस्ता जमावाच्या ताब्यात होता. १९५३ च्या नागपूर करारामागे आणि १९८५ च्या पंजाब करारामागे कौल होता, पण कलमे पाळली गेली नाहीत. जिथे दोन्ही अटी बऱ्याच अंशी पूर्ण झाल्या, त्या १९५६ च्या सीमा आणि १९७५ चा गोदावरी करार आजही चालू आहेत. म्हणून सामोपचाराने चालणाऱ्या उमेदवाराला मत देण्याने पाठिंब्याचे काम संपत नाही. त्याने केलेला करार पुढच्या सरकारकडून, विरोधी पक्षाकडून आणि गरज पडल्यास आपल्याच नेत्याकडून पाळून घेणे, हा त्या पाठिंब्याचा उरलेला आणि अधिक कष्टाचा भाग आहे.